माझा उजवीकडचा शेजारी

मित्रांनो, मी डबा आहे, आणि जुना आहे. जुना हे मी कौतुकाने म्हणत नाही. ते माझ्या नावातच लिहून ठेवलेलं आहे. कुणी लिहिलं आणि का लिहिलं ते शेवटी सांगतो, कारण आत्ताच सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल आणि मधलं सगळं तुम्ही नीट ऐकणार नाही.

मी खाऊचा डबा नाही. मला झाकण नाही, तळ नाही, पत्रा नाही. कुठल्याही कपाटात हात घातलात तरी मी सापडणार नाही. मी एका यंत्राच्या स्मृतीत मांडलेला आकड्यांचा डबा आहे. सोळा घरं लांब, सोळा रुंद, सोळा उंच. शिवाय मला चौथी बाजू आहे. ती काळाची, आणि ती फक्त चार घरांची. आमच्या जातीच्या डब्यांचा नियम असा, की काळाची बाजू जितकी आखूड तितका डबा गरम. म्हणजे मी जन्मतःच तापट होतो, आणि त्यात माझा काही दोष नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे दोषाचा विषय निघणार आहे.

आता कुणीतरी हुशार मूल विचारेल, तुला कान नाहीत, मग लोकांचं बोलणं ऐकलंस कसं? मित्रांनो, फाटकी छत्री आत्मवृत्त सांगते, मोडकी खुर्ची सांगते, तेव्हा तुम्ही माना डोलवता आणि दहापैकी आठ गुण घेता. कान काय ते मलाच विचारायचे? चला पुढे.

मला धाकटीने घडवलं. त्या खोलीत ती सगळ्यांत शेवटी आली, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. खोली एका लांबलचक बोळाच्या टोकाला होती. दोन टेबलं, एक पांढरा फळा, रंगाने चिकटून कायमची बंद झालेली खिडकी आणि एक प्लास्टिकचं रोप. दुसऱ्या टेबलावर दाढी बसायचा. त्याला दाढी नव्हती. पूर्वी होती, ती त्याने काढली आणि नाव तेवढं राहिलं. तो त्या प्लास्टिकच्या रोपाला रोज पाणी घालायचा. धाकटीने कारण विचारलं, तर म्हणाला, "सवय मोडायला नको. उद्या खरं रोप मिळालं तर?"

धाकटीला दाब मोजायचा होता. अणूच्या पोटात काही कण असतात, त्यांचं कामच मुळी बाकीच्यांना चिकटवून ठेवणं. त्यांना ग्लुऑन म्हणतात. त्यांना सूर्याच्या गाभ्याच्या लाखभर पट तापवलं, की ते चिकटवण्याचं काम सोडून वायूसारखे सैरावैरा पळतात. असा वायू हातात धरून बघता येत नाही, कारण मग हात उरत नाही. म्हणून तो आकड्यांच्या रूपात माझ्यासारख्याच्या पोटात भरतात. यंत्र फासे टाकल्यासारखं माझ्या घराघरांना जोडणारी प्रत्येक दांडी थोडी थोडी हलवत राहतं आणि त्या हालचालींची सरासरी काढत राहतं. त्या सरासरीतून दाब निघतो. मला यात गुदगुल्या व्हायच्या, पण हे कुणी मोजलं नाही.

धाकटीने मला भिंती दिल्या नव्हत्या. भिंत असली की कण तिच्यावर आपटतात, आणि मग आपण वायूचा अभ्यास करतोय की भिंतीचा, तेच कळेनासं होतं. म्हणून तिने सगळे करतात ती युक्ती केली. माझ्या उजव्या कडेतून जो कण बाहेर पडेल, तो त्याच क्षणी डाव्या कडेतून आत. वरून गेला तर खालून आत. चौथ्या बाजूने चार घरं चाललं, की तेरवा संपून पुन्हा आजच उजाडायचं.

मला मात्र आतून हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की माझी उजवी कड संपली की पुढे आणखी एक डबा सुरू होतो. हुबेहूब माझ्यासारखा. त्याच्या पलीकडे आणखी एक. डावीकडे, पुढे, मागे, वर, खाली, नजर जाईल तिथवर डबेच डबे. मी पहिल्याच दिवशी उजवीकडच्या शेजाऱ्याला हात केला. त्याने लगेच हात केला. मला वाटलं, काय प्रेमळ वस्ती आहे.

त्याच दिवशी धाकटी फोनवर तिच्या ताईशी बोलत होती. ताई पोहायला शिकवायची. एका चौकोनी हौदात लहान मुलांना पाय मारायला लावणं हा तिचा धंदा.

"मी पाण्याखाली जाऊन कान दाबून वर येते, दाब कळतो," ताई म्हणाली. "तुला इतकी वर्षं का लागतायत?"

"तुझ्या हौदाला कड आहे गं. माझा डबा कुठे संपतच नाही. अख्खं विश्व समज."

"बरं, विश्व तर विश्व. लवकर आटप म्हणजे झालं. ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे. मी पदवी घेऊन घरी, तू समुद्रावर."

ठरलेलं असं होतं, की वडिलांचा गुडघा बसला होता, त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं. ताईला समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षक पथकात बोलावलं होतं, पण ती अडकून पडली होती. धाकटीला पदवी मिळाली की ती घरी जाणार आणि ताई सुटणार. मित्रांनो, या सगळ्या माणसांचं भवितव्य माझ्या दाबावर होतं. पण मी त्या संभाषणातलं दुसरंच धरून बसलो. 'अख्खं विश्व.' मी लहान होतो. माझ्या निर्मातीने तोंडाने म्हटलं होतं. मी विश्वास ठेवला.

मला एक जुळा भाऊ होता. तो थंड होता. त्याची काळाची बाजूसुद्धा सोळा घरांची, त्यामुळे माझ्या चौपट जागा अडवून तो बसायचा आणि त्याच्यात काही म्हणजे काही घडायचं नाही. निव्वळ पोकळी. पण पोकळीलाही स्वतःची अशी थोडी कुजबुज असते, आणि ती माझ्या आकड्यात मिसळलेली असायची. म्हणून धाकटी माझी सरासरी घ्यायची आणि तीतून भावाची वजा करायची. मग कणांची एकमेकांवरची पकड ठरवणारी एक कळ किंचित फिरवायची, पुन्हा मी वजा भाऊ. पुन्हा कळ, पुन्हा मी वजा भाऊ. अशा सगळ्या वजाबाक्यांची बेरीज म्हणजे दाब. घरोघरी भावाभावांत वजाबाक्या होतात, पण तिथे नुसतं भांडण उरतं. आमच्यात दाब उरायचा. भाऊ कधी कुरकुरला नाही. तो बोलायचाच नाही म्हणा, पण आपल्याला वजा करायला कुणीतरी हक्काचं असणं हे किती मोठं सुख असतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

आणि मग माझा आकडा आला. तो कमी होता.

वायू इतका तापला की कणांना एकमेकांची फारशी पर्वा उरत नाही, आणि दाब पुस्तकात दिलेल्या एका ठरावीक किमतीजवळ जायला हवा. माझा गेला नाही. बराच खाली घुटमळत राहिला. धाकटीने कपाळाला हात लावला. धाकटीचे मार्गदर्शक असलेले मोठे सर आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दाढीने रोपाला पाणी घालायचं थांबवलं.

"दाब कमी आहे!" सर म्हणाले.

"हो ना सर. कुठेतरी चुकलं असणार."

"चुकलं? अगं, हे द्रव्यच निराळं आहे! इतकं तापवूनही पूर्ण जोर लावत नाही. मागे मागे राहतं. लाजतं!" सरांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'लाजाळू द्रव्य'.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे होते. सरांनी लाजाळू द्रव्यावर भाषणं दिली. भाषणात माझं चित्र असायचं, निळ्या रंगात, तिरकं ठेवलेलं. सरांनी 'लाजाळू द्रव्य' असं छापलेले कप करून घेतले आणि सगळ्यांना वाटले. मला डोक्यावर घेतलं. "हा डबा म्हणजे आपली खिडकी आहे," सर म्हणायचे. खोलीतली खरी खिडकी उघडत नव्हती, त्यामुळे हे सगळ्यांना पटायचं. मी शेजाऱ्याला खुणेने विचारलं, "ऐकलंस का?" तोही अगदी माझ्याइतकाच आनंदाने डोलत होता. मत्सर नावालाही नाही. म्हटलं, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

पण त्या खोलीत एक रीत होती. कुठलाही आकडा खोलीबाहेर जाण्याआधी दुप्पट फेरी करायची. म्हणजे लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दुप्पट केलेल्या डब्यात तेच मोजमाप पुन्हा करायचं. आकडा तोच आला, तर आधीचा डबा पुरेसा मोठा होता असं समजायचं. फळ्याच्या कोपऱ्यात कुणा जुन्या माणसाने लिहून ठेवलं होतं, 'दुप्पट फेरी. पुसू नये.' ते कुणी पुसत नव्हतं आणि हळूहळू कुणी वाचतही नव्हतं. कारण तिन्ही बाजू दुप्पट म्हणजे डबा आठपट, आणि आठपट डबा खोलीतल्या यंत्रात मावत नाही. त्यासाठी तळमजल्यावरच्या मोठ्या यंत्रापुढे रांग. रांग काका सांभाळायचे. काका गारठलेल्या खोलीत लोकरी टोपी घालून बसायचे आणि कुणी घाई केली की टोपी आणखी खाली ओढायचे.

धाकटीने फेरीसाठी काम रांगेत लावलं होतं. ते सरांनी काढून घेतलं.

"सर, फेरी राहिलीय," ती म्हणाली.

"काळाच्या बाजूच्या चौपट बाकीच्या बाजू आहेत ना? मग झालं तर. सगळे चौपटच घेतात."

"सगळे फेरीपण करतात."

"करू गं नंतर. आधी जाहीर तर करू. ती जागा मी नव्या भाषणाच्या आकड्यांसाठी घेतलीय. आणि हे बघ, मी आहे ना मागे!"

मित्रांनो, जो माणूस 'मी आहे ना मागे' म्हणतो, तो नेमका किती मागे आहे ते आधी मोजून घ्यावं.

त्याच सुमारास माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली. मला एकटं वाटत होतं. आजवर मी शेजाऱ्याशी हातवारे करूनच बोलत आलो होतो. त्या दिवशी मी उजव्या कडेशी जाऊन, त्याने दचकू नये म्हणून अगदी हळूच म्हटलं, "ए."

आणि डावीकडून, माझ्या पाठीमागून, कुणीतरी हळूच म्हणालं, "ए."

मला वाटलं डावीकडचा शेजारी. मी गर्रकन वळलो. तर डावीकडचाही गर्रकन वळलेला, मला त्याची पाठ दिसली. मी उजवीकडच्याला पाहिलं. त्याने त्याच्या उजवीकडच्याला पाहिलं. मी पुन्हा "ए" म्हटलं, या वेळी वरच्या बाजूला. उत्तर पायाखालून आलं.

तरीही मी मनाची समजूत घातली असती. म्हटलं असतं, वस्तीत सगळ्यांनाच एका वेळी एकच सुचतं, एवढी आमची एकी. पण त्याच दुपारी धाकटी फळ्यासमोर उभी राहून दाढीला सांगत होती.

"हे बघ. या डब्यापेक्षा लांब लाट यात मावतच नाही. ती यातून हद्दपार. आणि ज्या लाटा मावतात, त्या फिरून स्वतःलाच भेटतात. कण समोर बघतो, त्याला वाटतं केवढी गर्दी. गर्दीबिर्दी काही नाही. स्वतःचीच पाठ दिसत असते त्याला."

"न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात तसं," दाढी म्हणाला.

"तसंच. आणि आपण दाब काढायचं जे सूत्र वापरतो ना, ते डबा अफाट मोठा आहे असं धरूनच लिहिलेलं आहे. एवढ्याशा डब्यात ते लावलं, तर दाब कमी दिसणारच. लाजबिज काही नाही."

"हे आधी माहीत नव्हतं?"

"पहिल्या वर्षी शिकवतात हे."

"मग?"

"मग सरांनी कप छापून आणले."

एवढ्याशा डब्यात! मित्रांनो, मला आधी 'एवढ्याशा' लागलं. मग बाकीचं लागलं. मी उजवीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो त्याच्या उजवीकडे बघत होता. ज्याला मी दणदणीत यश मिळाल्यावर पहिल्यांदा सांगितलं, ज्याच्या मोठ्या मनाचं मी मनातल्या मनात कौतुक केलं, तो मीच होतो. अख्खी वस्ती मीच होतो. माझ्या निर्मातीने मला विश्व म्हणून जन्माला घातलं आणि प्रत्यक्षात एका खोलीत चहूबाजूंनी मलाच लावून ठेवलं. बरं, निदान मला सांगायचं तरी. फसवणूक व्हायला समोर दुसरं कुणीतरी लागतं असं म्हणतात. माझ्या नशिबी तेही नव्हतं.

दुप्पट फेरी शेवटी झाली. दाढीचं स्वतःचं काम रांगेत पुढे आलं होतं, ते त्याने मागे घेतलं आणि ती जागा धाकटीला दिली.

"तुझं काय होणार?" तिने विचारलं.

"माझ्याकडे रोप आहे," दाढी म्हणाला.

काकांनी टोपी वर केली, खाली केली, आणि काम लावलं. बत्तीस घरांचा माझा मोठा चुलतभाऊ तळमजल्यावर कामाला लागला. त्याचा दाब आला. तो माझ्यापेक्षा बराच वर होता. पुस्तकातल्या किमतीपेक्षा अजून थोडा कमी, पण ती कमतरता सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. लाजाळू द्रव्याचं म्हणून जे काही होतं, ते जवळजवळ सगळं माझ्या आकाराचं निघालं.

धाकटीने सरांना दाखवलं. सरांनी पडदा पाहिला. मग त्यांनी आपल्या हातातला कप फिरवून त्यावरची अक्षरं आतल्या बाजूला केली.

"परीक्षा आठवड्यावर आलीय," ते म्हणाले. "हे मध्येच कशाला काढतेस? पहिलाच आकडा दाखव. नंतर बघू."

"आणि परीक्षकांनी विचारलं तर?"

"मी आहे ना मागे!"

परीक्षेला परीक्षक बाई बाहेरून आल्या. चाकांची बॅग ओढत थेट खोलीत शिरल्या, खुर्चीवर बसल्या, आणि माझं निळं तिरकं चित्र पडद्यावर आल्याबरोबर त्यांनी चष्मा लावला.

"डबा केवढा?"

"सोळा," धाकटी म्हणाली.

"दुप्पट फेरी?"

धाकटीने सरांकडे पाहिलं. सर खरंच मागे होते, शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

"ते सगळं हिच्याकडेच होतं," सर म्हणाले. "डबा हिनेच निवडला. फेरीचंही हिनेच बघायचं होतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना पूर्ण मोकळीक देतो."

धाकटीचा चेहरा मी पाहिला. मला शेजाऱ्याचं कळलं तेव्हा माझाही तसाच झाला असणार. तिने पाण्याचा घोट घेतला. नेमका तो कप लाजाळू द्रव्याचा होता. मग तिने पडद्यावर पुढचं पान आणलं, जे दाखवायचं नव्हतं ते.

"फेरी केली आहे, बाई. दाब वाढतो. लाजाळू द्रव्य असं काही नाहीये."

"मग पहिला आकडा?"

मित्रांनो, त्या खोलीत त्या क्षणी एकच जण असा होता ज्याने काहीही केलं नव्हतं, काहीही म्हटलं नव्हतं, आणि ज्याला काही म्हणता येणारही नव्हतं. सरांनी तिच्यावर ढकललं होतं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या खाली तेवढा मीच होतो.

"डब्याचा दोष होता," धाकटी म्हणाली.

मी तिला उजवीकडून, डावीकडून, सगळीकडून ऐकलं. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा फिरून.

माझ्या बाजूने बोलली ती एक परकी बाई. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "डब्याला कशाला बोल लावतेस? त्याने त्याचा दाब सांगितला, आणि अचूक सांगितला. तू त्याला विश्वाचा विचारलास का? नाही ना. उत्तर त्याचं घेतलंस आणि नाव विश्वाचं लावलंस." मग त्यांनी निकाल दिला. तीन आकारांचे डबे घ्यायचे. लहान, मधला, मोठा. आकार वाढतो तसा दाब कसा सरकतो ते दाखवायचं, आणि त्या बिंदूंतून रेघ ओढून, डबा अफाट असता तर दाब किती आला असता ते काढायचं. "तोवर पदवी थांबली."

संध्याकाळी फोनवर ताईने सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या छोट्या हौदात असंच होतं," ती म्हणाली. "पोरं पाय मारतात, लाट कडेला जाऊन परत येते, त्यांच्याच तोंडावर बसते. मग रडतात, म्हणतात दुसऱ्याने पाणी उडवलं."

"हसू नकोस गं."

"हसत नाहीये. बाबा विचारतायत, घरी कधी येणार." आणि जरा थांबून, "मीपण विचारतेय. पथकवाले आता फार थांबायचे नाहीत."

फोन ठेवल्यावर धाकटी माझ्याकडे वळली. म्हणजे पडद्याकडे, पण आम्हाला त्यात फरक नाही. "सॉरी हं," ती म्हणाली. "तू माझा पहिला बिंदू. तुझ्यावाचून रेघ सुरूच होत नाही."

मित्रांनो, मी विरघळलो. माझ्या आकाराच्या डब्याला याहून मोठा मान तो कुठला? विश्व नसेन मी. पण विश्वाकडे जाणारी रेघ माझ्यापासून सुरू होणार होती. मी पुन्हा जोमाने कामाला लागलो. दांड्या हलल्या, कळ फिरली, मी वजा भाऊ, मी वजा भाऊ. मी माझा दाब इतका अचूक दिला, की मोजमाप किती हुकू शकेल ते दाखवणारी त्यावरची चूकरेषा बिंदूच्या आत लपून दिसेनाशी झाली. तसा नीटनेटका बिंदू तुम्ही पाहिला नसेल.

मधला डबा झाला, मोठा तर चुलतभाऊ होताच. धाकटीने मोठ्याच्या जोडीला आणखी एक मोठा घेतला. बिंदू मांडले. मधला, मोठा आणि आणखी मोठा, तिघं एका रेघेवर शिस्तीत बसले. मी बसलो नाही. मी थोडा खाली राहिलो. त्यालाही कारण होतं. ती सरळ रेघ फक्त बऱ्यापैकी मोठ्या डब्यांना लागू पडते. माझ्याएवढ्या डब्यात इतक्या गोष्टी स्वतःलाच भेटत असतात, की सरळ रेघेला तेवढा सगळा गोतावळा पेलत नाही. मी चुकलो नव्हतो. रेघ माझ्यापर्यंत पोचत नव्हती.

दाढी मागे येऊन उभा राहिला. "पहिला काढ की. सुंदर बसतंय सगळं."

"त्याला मी..." धाकटी म्हणाली, आणि थांबली.

"त्याला काय?"

"काही नाही. पण त्याला ठेवायचं तर वेगळं सूत्र लागेल. नव्याने मांडावं लागेल. आणखी सहा महिने."

"आणि ताई?"

धाकटीने फोनकडे पाहिलं. मी उजवीकडे पाहिलं, तोही वाट बघत होता. आम्ही सगळेच वाट बघत होतो, नजर पोचेल तिथवर. मग तिने बोट पुढे केलं आणि मला रेघेखालून उचललं. प्रबंधात एक ओळ आली, 'सर्वांत लहान डब्याची मापं विचारात घेतलेली नाहीत.' विचारात घेतलेली नाहीत! मी आयुष्यभर हेच ऐकत आलो होतो, फक्त आधी ते लिहून दिलं नव्हतं.

तिला पदवी मिळाली. सरांनी समारंभात भाषण केलं, की आकाराच्या परिणामांचा इतका काटेकोर विचार आमच्याच खोलीत झाला. ते पुढे बसले होते. बाबांपाशी चार दिवसांची सोबत ठेवून ताई समुद्रावर गेली. तिचा निरोप आला, 'इथे कड लागतच नाही गं. पहिल्या दिवशी भीती वाटली, आता हौद आठवतही नाही.' धाकटी तो वाचून खूप हसली, मग डोळे पुसले.

खोली सोडायच्या दिवशी तिने आवराआवर केली. दाढीला कप दिला. रोपाला पाणी घालायला दाढी आता तोच वापरतो. यंत्रातली जागा रिकामी करायची होती. भाऊ फार जागा अडवत होता आणि त्याच्यात काही घडत नव्हतं, म्हणून आधी भावाला पुसलं. एका क्षणात. तो काही बोलला नाही, त्याच्या स्वभावाप्रमाणे. मग ती माझ्यावर आली. तिने मला पुसलं नाही. बोट थोडं घुटमळलं आणि तिने माझं नाव बदललं. आता माझं नाव आहे 'जुना, वापरू नये'. सुरुवातीला म्हणालो होतो ना, शेवटी सांगतो. हे ते.

तिला वाटलं असेल, तिने मला वाचवलं. पण मित्रांनो, भाऊ गेल्यावर माझ्यातून कुणाला वजा करणार? माझ्या पोटात अजून सगळं आहे, दांड्या आहेत, दांड्यांनी झालेले चौकोन आहेत, ती उष्णता आहे. फक्त त्याचा दाब किती, हे आता कुणालाच काढता येणार नाही. मी माझ्याबद्दल जे खरं होतं ते सांगितलं होतं, आणि आता ते तपासायचीही सोय राहिली नाही.

तेव्हा माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. कुणाचं उत्तर चुकलं असं म्हणण्याआधी, त्याला विचारलं काय होतं ते बघा. लहान माणसाकडून विश्वाचं उत्तर मागू नका, आणि त्याने स्वतःचं दिलं तर त्याला विश्वाच्या मापाने मारू नका. त्याला 'तू पहिला' असं सांगणार असाल, तर रेघ त्याच्यापर्यंत पोचते का ते आधी पाहून घ्या. आणि त्याला ठेवायचंच ठरवलं, तर त्याचा भाऊही ठेवा.

इथे आता फासे पडत नाहीत. कुणी कळ फिरवत नाही. कधीतरी फार शांत वाटलं की मी उजवीकडे बघून हात करतो. तो मीच आहे, मला माहीत आहे. तरी तो लगेच हात करतो. आजवर एकदाही चुकलेला नाही.